धुऊन गेलं म्हणजे कुठे गेलं?

बेंगळुरूजवळच्या चंदापूरच्या तलावाचा वास वाऱ्यावर आला की आमच्या सोसायटीच्या सभेत एक वाक्य हमखास उच्चारलं जातं. ‘दोन मोठे पाऊस पडू द्या हो, सगळं धुऊन जातं.’ बोलणारे गृहस्थ साताऱ्याकडचे, निवृत्त. इथली मराठी घरं त्यांना काका म्हणतात, आणि ती ऐकून कन्नड घरंही काकाच म्हणू लागली आहेत. काका बोलले की माना डोलतात आणि विषय पार्किंगकडे वळतो. हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की आता त्याला लेखी उत्तर देतो. आदर ठेवूनच.

आधी काकांच्या बाजूचं सांगायला हवं, कारण ते थोडंथोडकं नाही. वाहत्या पाण्यात पडलेलं शेण, खरकटं, मैला जिवाणू खातात, पाणी खळाळताना हवेतला प्राणवायू त्यात मिसळत राहतो आणि काही अंतरावर ते खरोखर निवळतं. स्ट्रीटर आणि फेल्प्स यांनी १९२५ साली अमेरिकेतल्या ओहायो नदीच्या अभ्यासातून याचं गणितच मांडलं. कृष्णाकाठी लहानाचा मोठा झालेला माणूस नदीवर विश्वास ठेवतो, त्यात अडाणीपणा काही नाही. त्याच्या लहानपणी नदीत जे पडायचं ते बहुतेक कुजणारं होतं.

चंदापूरच्या आनेकल तालुक्यात मैला तर पडतोच, पण बोम्मसंद्रा, जिगणी, अत्तिबेले या औद्योगिक वसाहतीही इथेच आहेत. धातूंना मुलामा देणारे कारखाने आहेत, औषधांचे आहेत, सुट्या भागांचे आहेत. त्यांच्या सांडपाण्यातली क्रोमियम, शिसं, कॅडमियम ही मूलद्रव्यं. ती कुजत नाहीत, जळत नाहीत, कुठल्या जिवाणूच्या पोटात नाहीशी होत नाहीत. जागा बदलतात, फार तर रूप बदलतात. म्हणून काकांच्या वाक्यातलं ‘धुऊन’ मला मान्य आहे. ‘जातं’ या शब्दाचा मात्र पत्ता द्यावा लागेल.

पत्ता असा. इथले तलाव सुटे नाहीत, एका माळेत आहेत. एका केरेची कोडी वाहू लागली (केरे म्हणजे तलाव, कोडी म्हणजे आपला सांडवा) की पाणी राजाकालुवे नावाच्या ओढ्यातून खालच्या केरेत उतरतं. चंदापूरचा उतार मुत्तानल्लूरच्या बाजूने दक्षिण पिनाकिनीकडे जातो. त्याच नदीत बेळ्ळंदूर आणि वर्तूरमार्गे बेंगळुरूचं सांडपाणीही येऊन मिळतं. राज्याची हद्द ओलांडून ती होसूरजवळच्या केलवरपल्ली धरणात शिरते, तमिळनाडूत तेनपेण्णै होते आणि कडलूरजवळ समुद्राला मिळते. केलवरपल्लीचे दरवाजे उघडले की खाली पांढऱ्या फेसाचे डोंगर उभे राहतात. बेंगळुरूच्या फुलबाजारात जो होसूरचा गुलाब येतो, त्या मुलखाची शेती या पाण्यावर आहे. आपल्याकडे पुणे-पिंपरीचं सांडपाणी भीमेतून उजनीत उतरतं, तोच हा प्रकार. फरक इतकाच की तिथे वरचा आणि खालचा एकाच राज्यातले आहेत.

पण सगळंच एवढ्या दूर जात नाही, आणि गोष्ट खरी इथे सुरू होते. तलावात पाण्याचा वेग मंदावतो आणि चिकणमातीचे कण तळाला बसतात. त्यांच्या अंगावर लोहाची गंजासारखी पुटं असतात. शिसं, जस्त, साबणातला आणि मैल्यातला फॉस्फरस या पुटांना चिकटतात. वरचं पाणी त्यामुळे काही दिवस बऱ्यापैकी दिसतं, तपासणीचा नमुनाही बरा येतो. मग उन्हाळा येतो. तळाचा प्राणवायू जिवाणू संपवतात आणि प्राणवायू नसला की ही लोहाची पुटं विरघळतात. चिकटलेला फॉस्फरस आणि काही धातू पुन्हा पाण्यात सुटतात. बाहेरून थेंबभर मैला आला नाही तरी तलाव आपल्याच तळातून हिरवा होतो. नाला बंद केल्यावरही वर्षानुवर्षं तलाव का सुधारत नाही, या तक्रारीचं उत्तर बरेचदा तळात असतं.

पावसाबद्दल तर काकांचं गणितच उलटं आहे. दहा लाख लिटर पाण्यात लिटरला एक मिलिग्रॅम क्रोमियम असेल तर एकूण एक किलो. पावसात पाणी वाढून दोन कोटी लिटर झालं आणि प्रमाण दहापट उतरून ०.१ वर आलं, तर नमुना छान येईल. एकूण क्रोमियम मात्र दोन किलो होईल. ते दुप्पट कसं झालं? पुराच्या लोंढ्याने तळाचा गाळ ढवळला, रस्त्यांवरची आणि आवारांतली धूळ पहिल्या सरीने ओढ्यात आणली. हे आकडे समजण्यापुरते घेतले आहेत. पण पहिल्या सरींत एकूण बोजा वाढतो हे जगभर मोजलेलं आहे.

यावर सभेतला दुसरा पक्ष उठतो. हा तरुण असतो, उत्साही असतो. ‘गाळ काढून टाकू, शेतकऱ्यांना फुकट देऊ, दोघांचं भलं!’ महाराष्ट्रात २०१७ साली ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना आली, तेव्हापासून गाळ म्हणजे सोनं हे आपल्या मनात पक्कं बसलं आहे. डोंगरातून माती वाहून आलेल्या पाझर तलावाचा गाळ सोनं असेलही. पण औद्योगिक वसाहतीखालच्या तलावाचा गाळ न तपासता शेतात टाकणं म्हणजे तळाला बंदिस्त असलेलं विष हवेशीर जागी पसरणं. त्यातून इथली माती तांबडी. विदर्भ-मराठवाड्यातली काळी माती धातूंना घट्ट धरून ठेवते. तांबड्या मातीत ती पकड कमी, आणि ती आंबट असली तर कॅडमियम अधिकच मोकळं होतं. शिसं बहुतेक मुळाशी अडतं, कॅडमियम मात्र पालेभाजीच्या पानापर्यंत चढतं. पालकाची जुडी आठवड्याच्या बाजारात येते आणि तिच्यावर कुठल्या तलावाचा गाळ ते लिहिलेलं नसतं.

तिसरा आक्षेप बोअरवेलवाल्यांचा: ‘आमचं पाणी हजार फुटांवरचं. एवढी माती आणि खडक गाळून आलेलं.’ गाळून काय येतं ते कणांच्या विद्युतभारावर ठरतं. चिकणमाती ऋणभारित, म्हणून ती धनभारित कण धरते. नायट्रेट ऋणभारित. मैल्यातला आणि खतातला नत्र नायट्रेट झाला की तो मातीतून पाण्याबरोबर सरळ खाली जातो. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची भारतीय मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे, आणि ते पाणी उकळून कमी होत नाही, उलट आटल्यामुळे थोडं दाटच होतं. सहासंयुजी क्रोमियमही पाण्यात ऋणभारित क्रोमेट होऊनच फिरतं. बेंगळुरूच्याच पीण्या औद्योगिक वसाहतीच्या भूजलात ते सापडलेलं आहे. राहिला खडक. इथला नीस आणि ग्रॅनाइट वाळूसारखा गाळत नाही. पाणी त्यात भेगांतून पळतं. कोरडी पडलेली, झाकण नसलेली बोअरवेल म्हणजे तर नाल्याच्या पाण्यासाठी खाली नेणारा सरळ पाइप.

जिवांचा हिशेब थोडक्यात सांगतो. कॅलिफोर्नियातल्या क्लिअर लेकमध्ये १९४९ ते १९५७ या काळात चिलटं मारायला डीडीडी नावाचं कीटकनाशक टाकलं. पाण्यात त्याचं प्रमाण दहा लाखांत ०.०२ भाग. मासे खाणाऱ्या ग्रीब पक्ष्यांच्या चरबीत ते सापडलं १६०० भाग, म्हणजे ऐंशी हजार पट. पाण्याचा नमुना बघून ‘मर्यादेत आहे’ म्हणणाऱ्याला हा आकडा रोज सकाळी वाचायला द्यावा. औषधांचं आणखी वेगळं. हैदराबादजवळच्या पटानचेरूत, औषध कारखान्यांचं सांडपाणी प्रक्रिया करून सोडणाऱ्या केंद्राच्या पाण्यात लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सासिन असल्याचं २००७ साली प्रसिद्ध झालं. रोग्याच्या रक्तात असतं त्याहून जास्त. अशा पाण्यात प्रतिजैविकांना न जुमानणारे जिवाणू तगून राहतात. हे जिवाणू मग वाढत जातात, म्हणजे इथे पातळ होण्याचा प्रश्नच उरत नाही. जिगणी-बोम्मसंद्र्यात औषधांचे कारखाने आहेत, म्हणून हे लिहितो.

मग करायचं काय? ऑक्टोबर २०२२ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने चंदापूर तलावाच्या दुर्दशेबद्दल कर्नाटक सरकारला ५०० कोटी रुपयांची भरपाई ठोठावली. लवादाने तलावाची किंमत लावली याचा मला आनंद आहे. पण सरकारने भरायचे म्हणजे करदात्यांनी भरायचे, आणि ते खर्च करण्याची सरकारी पद्धत आपल्याला पाठ आहे: भोवती फरसबंदी, कुंपण, बाकं, मधोमध कारंजं. हेब्बगोडीच्या तलावावर तरंगत्या वनस्पतींची बेटं सोडली, तो मार्ग याहून शहाणा. पण त्यातही अट आहे. वनस्पतीने शोषलेला फॉस्फरस ती कापून बाहेर नेली तरच बाहेर जातो. नाहीतर ती कुजून सगळं परत देते. जलपर्णी काढून काठावरच ढीग लावणाऱ्या आपल्या नगरपालिकांना हे अजून कुणीतरी सांगायला हवं.

माझं म्हणणं एवढंच की तलावाची वही वाण्याच्या वहीसारखी ठेवा. पाणी स्वच्छ आहे का, हा प्रश्न पुरे नाही. वर्षाला किती किलो आत आलं, किती गाळात बसलं, किती कोडीवरून खाली गेलं, किती मासळीत आणि भाजीत गेलं, असं विचारा. ही वही एका तलावाची नको, माळेची हवी, म्हणजे वरच्याचा खर्च खालच्याच्या जमेत दिसेल. कारखान्याचं पाणी कारखान्याच्या दारातच मोजायला हवं. एकदा ते मैल्यात मिसळलं की धातू कुणाचा हे सांगता येत नाही, आणि सांडपाणी केंद्राचा उरलेला गाळही शेतात टाकण्याच्या लायकीचा राहत नाही. तलाव उपसण्याआधी गाळाचा धातू-अहवाल ग्रामपंचायतीच्या फलकावर लावला जावा. मेलेल्या बोअरवेल बुजवल्या जाव्यात. आणि आपण सोसायटीवाले, जे स्वतःला या सगळ्याचे बळी समजतो, आपल्या टाक्या उपसणारा टँकर रात्री कुठे रिकामा होतो ते आपल्याला माहीत असावं. आमच्या सभेत मी हे एकदा विचारलं. विषय पार्किंगकडे वळला.

आनेकलच्या नावाचा अर्थ कन्नडमध्ये गार, आभाळातून पडणारी. पडते तेव्हा ती स्वच्छच असते, हेही काकांच्या बाजूने मान्य.

तर काका, येत्या रविवारी होसूरला चला. केलवरपल्ली तिथून जवळच आहे. पाऊस झालेला आहे, दरवाजे उघडे असतील. आपल्याकडून धुऊन गेलेलं तिथे बघायला मिळेल. गाडी मी काढतो.