मुलींना भरतीचं एकच दार का?



29 मे 2025 रोजी नौदलाची ‘तारिणी’ पृथ्वीप्रदक्षिणा करून गोव्यात परतली. लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि रूपा ए. या दोघींनीच ती शिडाची नौका जवळजवळ आठ महिने चालवली. कौतुक करावं तेवढं थोडंच. पण दोघींची वेगळी नौका सोडणं त्या मानानं सोपं. पुरुष खलाशांच्या जहाजावर बाईच्या हाती सूत्रं देणं अवघड. 2023 च्या अखेरीस प्रेरणा देवस्थळी यांना ‘त्रिंकट’ या युद्धनौकेची सूत्रं देऊन नौदलानं तेही केलं.

भूदल मात्र उंबरठ्यावरच घुटमळतंय. एप्रिल 2023 मध्ये पाच महिला तोफखान्यात अधिकारी झाल्या, पण जवान म्हणून मुलींना लष्करी पोलीस सोडून दुसरी वाट नाही. त्या भरतीचा पहिला मेळावा 2019 साली आपल्या शेजारी बेळगावातच झाला. पहिल्या 83 जणी मे 2021 मध्ये बेंगळुरूहून प्रशिक्षण संपवून बाहेर पडल्या. आज धारवाडला कर्नाटक कॉलेजच्या मैदानावर पहाटे पोरांबरोबर पोरीही धावतात. अंतर दोघांनाही तेच, 1.6 किलोमीटर. पोराला विचारा, तो मराठा लाइट इन्फंट्री, तोफखाना, सिग्नल अशी नावं घेतो. पोरीकडे एकच नाव असतं.

मुलींच्या भरतीला विरोध करणाऱ्यांचा ताकदीचा मुद्दा मात्र रास्त आहे, तो हसण्यावारी नेऊ नये. 155 मिमी तोफेचा गोळा 40 किलोहून जड. तो पुन्हा पुन्हा उचलता आलाच पाहिजे. मग तीच परीक्षा ठेवा, मुलग्यांनाही ठेवा, आणि ज्या कामाला ती लागते त्याच कामाला ठेवा. सूट कुणालाच नको. पण माप लावताना लबाडीही नको. पुरुष अधिकारी ऐन तारुण्यात जी वैद्यकीय कसोटी देतात, तीच कायम नेमणुकीसाठी चाळिशी-पन्नाशीतल्या महिलांना लावली गेली होती. दिसायला नियम एकच! 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो भेदभाव ठरवला.

राहता राहिली वेगळ्या खोल्यांची आणि न्हाणीघरांची अडचण. ती बांधकाम खात्याची बाब आहे, शौर्याची नव्हे.

हुबळीच्या चन्नम्मा सर्कलमध्ये राणी चन्नम्माच्या पुतळ्याला हार घालणाऱ्या आपल्या खासदारांना एवढीच विनंती: भूदलात जवानांच्या कोणत्या शाखा मुलींना खुल्या होणार आणि कधी, याचं लेखी उत्तर येत्या अधिवेशनात संरक्षण मंत्रालयाकडून मागून घ्यावं.

— एक वाचक, धारवाड