एका टिंबावरून भांडण

मंडळी, परवा नातवाच्या कॉलेजची प्रॅक्टिकलची वही चाळली आणि डोकंच फिरलं.

सी मधला प्रोग्रॅम लिहून जीसीसीने कंपाइल केला, की ए-डॉट-आऊट नावाची फाइल तयार होते. (केन थॉम्प्सनच्या पीडीपी-७ पासून चालत आलेलं नाव, 'असेम्बलर आउटपुट'चं लघुरूप.) आता नुसतं हे नाव टाइप केलं तर लिनक्स म्हणतो, 'कमांड नॉट फाउंड'. फाइल तर डोळ्यांसमोर! वहीतला तोडगा असा: पाथच्या सुरुवातीला एक टिंब घाला, कटकट मिटेल.

मिटत नाही हो, घरात शिरते!

नुसतं नाव दिलं की शेल पाथमधली फोल्डरं ओळीने शोधतो आणि त्या नावाचा जो प्रोग्रॅम आधी सापडेल तो चालवतो. टिंब म्हणजे आपण आत्ता उभे आहोत ते फोल्डर. ते पाथमध्ये मुद्दाम ठेवलेलं नसतं. सगळ्यांना लिहिता येणाऱ्या टीएमपी फोल्डरमध्ये कुणी 'एलएस' नावाची स्वतःची फाइल ठेवून गेलं, तर तुम्ही जाणार फायलींची यादी बघायला आणि चालणार त्याचा प्रोग्रॅम, तोही तुमच्या अधिकाराने. टिंब शेवटी घाला म्हणणारेही आहेत. घाईत 'एलएस'चं 'एसएल' झालं की त्यांचीही गत तीच.

बरं, एवढं करून तोडगा लागू तरी पडतो का? नातवाने प्रोग्रॅमचं नाव ठेवलं 'टेस्ट'. पाथमध्ये टिंब होतं, तरी पडद्यावर काहीच नाही. बिचारा दोन तास प्रिंटएफ तपासत बसला. 'टेस्ट' ही बॅशची स्वतःचीच आज्ञा. तिच्यासाठी तो पाथकडे बघतही नाही.

खरा उपाय दोन चिन्हांचा. नावाआधी टिंब आणि तिरकी रेघ. रेघ दिसली की शेल शोधाशोध न करता सांगितलेल्या जागी जातो. विंडोजच्या जुन्या कमांड प्रॉम्प्टची सवय झालेल्यांना हे जाचक वाटतं, पण २००६ च्या पॉवरशेलमध्येही टिंब आणि उलटी रेघ द्यावीच लागते.

'मुलांना एवढं कळत नाही' म्हणे! मी मराठी माध्यमाचा बी.ए., सत्तरीनंतर हे शिकलो. मला कळलं. मग त्यांना का नाही कळणार? सांगायचा कंटाळा, दुसरं काय.

नातवाने वहीतली ती ओळ पेन्सिलीने खोडली आहे. परीक्षेत मात्र तीच लिहावी लागेल म्हणतो.