छंद आणि नेम

फावला वेळ कसा घालवावा, हा प्रश्न पुष्कळांना पडतो. हिंगोली जिल्ह्यातील कित्येक खेड्यांनी तो फार पूर्वीच सोडविला आहे. दिवसभर शेतात राबलेली माणसे एकादशीच्या रात्री देवळात जमतात. गळ्यात टाळ अडकवितात. मृदंगावर थाप पडते आणि भजनाला रंग चढतो. यासाठी त्यांना कोणी वेतन देत नाही, की कोणी त्यांची हजेरी घेत नाही. तरीही ती येतात. कारण भजन हा त्यांचा छंद आहे आणि त्या छंदाला नेमाची जोड आहे.

या भूमीला गाण्याचा वारसा मोठा आहे. कयाधू नदीकाठचे नरसी हे गाव संत नामदेवांचे जन्मस्थान म्हणून ओळखले जाते. १२७० साली जन्मलेल्या नामदेवांनी भजन-कीर्तनाची ही गोडी थेट पंजाबपर्यंत नेली. शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदे आहेत.

काही जण म्हणतात, "आता नामवंत गायकांची भजने मोबाइलवर हवी तेव्हा ऐकता येतात. मग गावच्या ओबडधोबड आवाजांनी कशाला गावे?" चांगले गाणे ऐकण्यात आनंद आहे, यात शंका नाही, परंतु ऐकणे निराळे आणि गाणे निराळे. भजनात एक जण चरण म्हणतो व बाकीचे तो उचलून धरतात. ज्याचा गळा गोड नाही, त्यालाही तेथे जागा असते. मात्र त्याने ताल सोडता कामा नये. शेजाऱ्याचा टाळ ऐकल्यावाचून आपला टाळ नीट वाजत नाही. मोठ्या आवाजाच्या माणसाला आवाज आवरावा लागतो, तर लाजऱ्याला तो मोकळा करावा लागतो.

अखंड हरिनाम सप्ताहात या नेमाची खरी कसोटी लागते. सात दिवस आणि सात रात्री वीणा खाली ठेवावयाची नाही, असा दंडक असतो. त्यासाठी पाळ्या लावतात. त्यांना पहारा म्हणतात. मध्यरात्री ज्याचा पहारा असेल, त्याने झोप मोडून उठावे, आधीच्या माणसाला वंदन करावे आणि त्याच्या गळ्यातील वीणा आपल्या गळ्यात घ्यावी. तो आला नाही, तर आधीचा माणूस तसाच उभा राहतो. कितीही सुरेल वाजणारे यंत्र त्याला सोडवू शकत नाही.

मुलांनो, अभ्यास टाकून तुम्ही रात्ररात्र जागावे, असे माझे म्हणणे नाही. आठवड्यातील एखादी सायंकाळ मात्र या छंदाला अवश्य द्यावी. कोणाच्या गावी महिलांचे भजनी मंडळ असेल, कोणाच्या तांड्यावर होळीला लेंगी गात असतील. जेथे जे गाणे असेल, तेथे जाऊन बसावे आणि सुरात सूर मिसळावा. ही विद्या वडीलधाऱ्यांच्या हातांत आणि कंठांत आहे. म्हाताऱ्या टाळकऱ्याच्या शेजारची जागा रिकामीच राहिली, तर ती त्याच्याबरोबरच निघून जाईल.