सनद मिळेल, पण सनदेनंतरची भाकर कोण देणार?

वस्त्यावस्त्यांतून आज आपली मुलं-मुली एलएल.बी. होत आहेत. निकाल लागला की चौकात बॅनर लागतो, नावाआधी ‘ॲड.’ येते, सत्कार होतो. पण दोन वर्षांनी त्यातले किती जण कोर्टात उभे दिसतात? कुणी बँकेच्या वसुलीत, कुणी स्पर्धा परीक्षेच्या क्लासात, कुणी बापाच्या दुकानात. ही गळती का होते, याचा विचार चळवळीने करायलाच हवा.

काही मित्र म्हणतात, ऑल इंडिया बार एक्झाम आपल्या पोरांना अडवायलाच आणली आहे. आम्हाला हे पटत नाही. शंभर वस्तुनिष्ठ प्रश्न, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, टिपा नसलेले बेअर ॲक्ट सोबत नेता येतात, पेपर मराठीतूनही देता येतो. खुल्या व ओबीसी प्रवर्गाला 45 टक्के, अनुसूचित जाती-जमातींना 40 टक्के गुण लागतात. संविधानाच्या विद्यार्थ्याने या परीक्षेला घाबरू नये. फेब्रुवारी 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानेही ती वैध ठरवली आहे. भिंत परीक्षेची नाही, पैशाची आहे.

जरा हिशेब पाहू. ॲडव्होकेट्स ॲक्ट, 1961 च्या कलम 24 प्रमाणे नोंदणी शुल्क 750 रुपये, आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवाराला 125 रुपये. कायदा इतका स्पष्ट असताना राज्यांच्या बार कौन्सिल वर्षानुवर्षे नाना नावांखाली हजारो रुपये घेत राहिल्या. ओडिशात हा आकडा चाळीस हजारांच्या वर गेला होता. 30 जुलै 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही वसुली बेकायदा ठरवली, समानतेच्या आणि व्यवसाय स्वातंत्र्याच्या हक्काविरुद्ध ठरवली. मात्र निकाल पुढच्या काळासाठी लागू झाला. आधी ज्यांनी कर्ज काढून भरले, त्यांचे पैसे गेले ते गेलेच. म्हणून आता सनद काढणाऱ्या प्रत्येकाने कलम 24 तोंडपाठ ठेवावे, जातीचा दाखला तयार ठेवावा आणि जास्तीचा एक रुपया मागितला तरी लेखी कारण मागावे.

पण 125 रुपयांची सनद हाती आली की पुढे बार एक्झामचा अर्ज येतो. अलीकडच्या परीक्षांना अनुसूचित जाती-जमातींसाठी शुल्क होते 2,500 रुपये. म्हणजे नोंदणी शुल्काच्या वीसपट! कायद्याने एका दारावर दिलेली सवलत दुसऱ्या दारावर काढून घ्यायची, याला काय म्हणायचे?

आणि खरी परीक्षा तर त्यानंतर सुरू होते. पूर्णवेळ पगारी नोकरी करत वकिली करता येत नाही. सिनियरकडे ज्युनिअर म्हणून राबायचे, पण हातात पडते ते प्रवासखर्चालाही पुरत नाही. ऑक्टोबर 2024 मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने ज्युनिअरला शहरात दरमहा 20,000 आणि ग्रामीण भागात 15,000 रुपये द्यावेत असे सुचवले. सुचवले, सक्ती केली नाही. ज्याच्या घरात आधीच वकिली आहे तो ही वर्षे काढतो. ज्याच्या घरात रोजची मजुरी आहे तो काळा कोट खुंटीला टांगतो. गुणवत्तेच्या गप्पा मारणाऱ्यांनी या खुंटीकडे बघावे.

बाबासाहेब बॅरिस्टर होऊन आले, तेव्हा सनदेसाठी त्यांच्याकडेही पैसे नव्हते. मित्र नवल भथेना मदतीला धावले आणि 1923 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात वकिली सुरू झाली. पुढे काय घडले? 20 मार्च 1927 ला चवदार तळ्याचे पाणी प्यायलो, आणि त्याच तळ्याचा दावा दहा वर्षे लढून 17 मार्च 1937 ला उच्च न्यायालयात जिंकलो. रस्त्यावरची लढाई एका दिवसात इतिहास घडवते, पण तो इतिहास टिकवायला दहा वर्षे तारखांना उभा राहणारा वकील लागतो.

आजही लागतो. ॲट्रॉसिटी कायद्याचे कलम 15-अ पीडिताला जामिनाच्या सुनावणीतही म्हणणे मांडण्याचा हक्क देते. पण तालुक्याच्या कोर्टात ते म्हणणे मांडणार कोण? मोर्चा गावी परततो, तारीख मात्र चालूच राहते.

म्हणून आमचे म्हणणे सरळ आहे. बार एक्झामचे शुल्क कलम 24 च्या हेतूला धरून कमी करा. मागास समाजातल्या ज्युनिअर वकिलांना पहिली तीन वर्षे सरकारने विद्यावेतन द्यावे. पण सरकारची वाट पाहत बसू नका. जयंतीच्या वर्गणीतला काही भाग डीजेऐवजी सनद निधीत टाका. बुद्धविहारात बेअर ॲक्टचे कपाट ठेवा, तिथेच बार एक्झामचा अभ्यासगट चालवा. आणि आपल्या समाजातल्या जम बसलेल्या वकिलांनी वस्तीतला किमान एक ज्युनिअर मानधन देऊन घडवावा. भथेना परके असून धावले, आपण तर आपलेच आहोत.

एका तालुक्याने एक वकील तीन वर्षे पोसला, तर तो पुढची तीस वर्षे तालुक्यासाठी उभा राहील. बॅनर लावण्याआधी हा हिशेब मांडा.

जय भीम! जय संविधान!