उन्हाचा डोस, सावलीचा कोपरा

मे महिन्यात आपण स्वतः सनस्क्रीन फासून, गॉगल चढवून ऑफिसची कॅब पकडतो. आणि घरातल्या चार इंची कासवाला मात्र ‘जा, मस्त ऊन खा’ म्हणत टबासकट बाल्कनीत ठेवून देतो. वाळवंटातला प्राणी तो, त्याला उन्हाचं काय टेन्शन? बॉस, गडबड नेमकी इथेच होते.

आधी एक गोष्ट क्लिअर करू. पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेलं आपलं स्टार कासव घरात ठेवणं हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे. ‘लकी असतं’ म्हणून कुणी गिफ्ट दिलं असलं तरीही! त्यामुळे इथे बोलतोय ते आफ्रिकेच्या साहेल पट्ट्यातल्या सल्काटाबद्दल. त्याचीही २०२४ च्या नियमांनुसार सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. पिल्लू तळहातावर मावतं, मोठा नर चाळीस किलोंच्या पुढे जातो. वन बीएचकेवाल्यांनी नोंद घ्यावी.

ऊन हवंच, त्यात वाद नाही. उन्हातल्या यूव्हीबी किरणांमुळे अंगात डी-थ्री तयार होतं, त्याशिवाय कॅल्शियम लागू पडत नाही. मग पाठ मऊ पडते, पाय वाकडे होतात. खिडकीच्या काचेतून येणाऱ्या उन्हाचा इथे उपयोग शून्य, कारण काच यूव्हीबी अडवते. पण साहेलमध्येही भर दुपारी हे साहेब बिळात असतात. नको तेव्हा उन्हातून निघून जाणं, हा त्यांचा खरा फंडा. टबात ठेवलेल्या पिल्लाला जायला जागाच नसते. त्यात इवलासा जीव, तापतो झटकन.

म्हणून आधी सावलीची सोय करा, उन्हाचं नंतर बघू. फिश टँक तर बिलकूल नको. उन्हातला काचेचा टँक म्हणजे काचा बंद करून पार्क केलेली गाडी. लाकडी खोका किंवा फिक्या रंगाचा, बाहेरचं न दिसणारा मोठा टब घ्या. तळाला ओलसर माती किंवा कोकोपीट, एका बाजूला फुटक्या माठाचा अर्धा तुकडा पालथा, अर्ध्या भागावर ओलं गोणपाट. वरून जाळी हवीच. कावळे, घारी आणि सोसायटीचा बोका, तिघांनाही कासवाचं पिल्लू परवडतं. टब थेट गच्चीच्या स्लॅबवर टेकवू नका, खाली पाट सरकवा. तळाच्या मातीवर तळहात ठेवून बघा. तुम्हाला चटका बसला तर त्यालाही बसणारच.

वेळ सकाळी आठ ते नऊच्या आतली. वीसेक मिनिटं पुरतात. त्याआधी हनुवटीच्या खालीच राहील एवढ्या कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटं बसवलं तर उत्तम. सावलीतच पारा पस्तिशीच्या पुढे गेला असेल तर त्या दिवशी सुट्टी. आणि हो, सावली सरकते! साडेआठला गोणपाटाखाली असलेला कोपरा नऊला भर उन्हात असू शकतो. पिल्लू उलटं पडलं तर त्याला सरळ होता येईलच असं नाही. त्यामुळे ही वीस मिनिटं तुम्ही तिथेच हवेत, चहाचा कप घेऊन. कॅब पावणेनऊला येत असेल तर वीकडेजना घरात चांगली यूव्हीबी ट्यूब लावा आणि ऊन शनिवार-रविवारवर ठेवा. ‘लंचला आईला आत घ्यायला सांगतो’ हा प्लॅन नको.

तोंड उघडं टाकून श्वास, तोंडाला फेस, वेड्यासारखी धावपळ किंवा एकदम लुळं पडणं, यातलं काहीही दिसलं तर लगेच सावलीत घ्या, साध्या पाण्याने अंग ओलं करा आणि डॉक्टर गाठा. बर्फ किंवा फ्रीजचं पाणी चुकूनही नाही. कुत्र्या-मांजरांचे सगळेच डॉक्टर कासव बघत नाहीत, तेव्हा सरपटणारे प्राणी बघणाऱ्या व्हेटचा नंबर आजच मोबाईलमध्ये सेव्ह करून ठेवा.