रजिस्टरात जन्मलेले आडनाव



आडनाव म्हणजे काय, असे विचारले तर बहुतेक जण सांगतील, बापाकडून मुलाला मिळते ते. आजोबा, पणजोबा, खापरपणजोबा अशी माळ मागे मागे जाते आणि कुठल्या तरी गावापाशी, धंद्यापाशी, नाही तर वतनापाशी जाऊन थांबते. पण ज्याला बाप ठाऊक नाही, आईही ठाऊक नाही, त्याचे आडनाव कुठून येते? ते येते रजिस्टरातून. कुणी तरी कारकून टाक दौतीत बुडवतो आणि रिकाम्या रकान्यात एक शब्द लिहितो. तो शब्द मग त्या मुलाला, त्याच्या मुलांना आणि नातवंडांना जन्मभर वागवावा लागतो. आम्ही स्वतः कारकुनी पेशातले. रकाने भरण्यात आमची उमेदीची वर्षे गेली. म्हणून या वेळी इटली देशातल्या एका दुर्मिळ आडनावाची हकीकत आपल्यापुढे ठेवीत आहोत. ते आडनाव म्हणजे ‘एको’.

हे आडनाव जगाला माहीत झाले ते एकाच माणसामुळे. उंबेर्तो एको हे इटलीचे मोठे विद्वान लेखक. जन्म ५ जानेवारी १९३२, उत्तर इटलीतल्या आलेस्सांद्रिया गावी. निधन १९ फेब्रुवारी २०१६. बोलोन्या विद्यापीठात ते चिन्हशास्त्र शिकवीत. शब्द, खुणा, चित्रे, पोशाख यांतून माणसे एकमेकांना काय सांगतात, याचा अभ्यास म्हणजे चिन्हशास्त्र. १९८० साली त्यांची ‘द नेम ऑफ द रोज’ ही कादंबरी आली, अनेक भाषांत गेली, १९८६ साली तिच्यावर चित्रपटही निघाला. एवढ्या मोठ्या माणसाचे आडनाव कुठल्या सरदार घराण्याचे असेल, असे कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात त्यांचे आजोबा टाकून दिलेले मूल होते. आईबाप अज्ञात. त्यांना हे आडनाव एका सरकारी अधिकाऱ्याने दिले.

‘एको’चा उगम समजून घ्यायचा तर आधी इटलीतले ‘चाक’ समजून घ्यावे लागते. अनाथ मुले सांभाळणाऱ्या संस्थेच्या भिंतीत लाकडाचा एक पोकळ, उभा, फिरता पिंप बसवलेला असे. त्याचे तोंड रस्त्याकडे. रात्री-अपरात्री कुणी बाई येई, बाळ त्यात ठेवी, चाक फिरवी आणि घंटा वाजवून अंधारात निघून जाई. बाळ भिंतीच्या आत पोहोचे. आत कुणी बाळ उचलले ते बाहेर दिसत नसे आणि बाहेर कोण उभे आहे ते आत दिसत नसे. मग रजिस्टर उघडले जाई. कुठल्या तारखेला, किती वाजता, अंगावर कोणते कपडे, सोबत काही खूण आहे काय, सारे नोंदवले जाई.

मुले टाकणाऱ्या या बायका कोण होत्या? पुष्कळशा घरकाम करणाऱ्या मोलकरणी, लग्नाशिवाय दिवस गेलेल्या मुली, आणि आधीच चार-पाच लेकरे असलेल्या गरीब विवाहित स्त्रिया. दुष्काळ पडला, रोजगार बुडाला की चाकातली मुले वाढत. फ्लॉरेन्स शहरात रेशीम व्यापाऱ्यांच्या संघाने उभारलेले ‘इन्नोचेंती’ नावाचे अनाथालय आहे. ब्रुनेल्लेस्की या नामांकित वास्तुविशारदाच्या आराखड्यावरून १४१९ साली त्याचे काम सुरू झाले आणि १४४५ साली तेथे पहिले बाळ आले. तेथे आयांनी बाळांसोबत ठेवलेल्या खुणा आजही जपून ठेवल्या आहेत. अर्धे तोडलेले पदक, अर्धे नाणे. एक अर्धा बाळापाशी, दुसरा अर्धा आईपाशी. चांगले दिवस आले तर दोन अर्धे जुळवून आपले लेकरू ओळखायचे, ही आशा. ते अर्धे नाणे पाहून त्या आईला निर्दय म्हणण्याची आमची तरी हिंमत होत नाही.

बाळ आत आले की प्रश्न येई आडनावाचा. शेकडो मुले येत, प्रत्येकासाठी वेगळा विचार कोण करणार? म्हणून जागोजागी एकच ठराविक शब्द लिहिण्याची वहिवाट पडली. नेपल्सच्या आनुंत्सियाता या संस्थेत ‘एस्पोसितो’ लिहीत. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ, बाहेर ठेवलेला, उघड्यावर टाकलेला. रोमच्या बाजूला ‘प्रोयेत्ती’ लिहीत, म्हणजे फेकून दिलेले. फ्लॉरेन्सकडे ‘इन्नोचेंती’, म्हणजे निष्पाप. मिलान शहरात अनाथांना सांभाळणाऱ्या रुग्णालयाचे चिन्ह पारवा होते, म्हणून तिथल्या मुलांना ‘कोलोंबो’ हे आडनाव मिळे. (प्रत्येक कोलोंबो अनाथाचा वंशज असतो असे मात्र नाही, हे आडनाव इतर कारणांनीही पडले आहे.)

आपल्या पणजोबांच्या पिढीत कचरू, दगडू, धोंडू, भिकू अशी नावे असत. तो माणूस तरी एका पिढीने मोकळा होई, मुलाला दुसरे नाव ठेवता येई. आडनावाचे तसे नसते, ते वंशाला चिकटते. एस्पोसितो आडनावाचा माणूस मेहनती असो, प्रामाणिक असो, सात मुलांचा बाप असो. तोंड उघडून नाव सांगितले की समोरच्याला कळे, याचे मूळ चाकात आहे. आडनाव विचारण्यामागे काय विचारलेले असते, हे या पानाच्या वाचकांना वेगळे सांगायची गरज नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात नेपल्सचा राजा जोआकिम म्युरा याने हा डाग लावण्याची पद्धत बंद केली. मिलानमध्येही सर्वांना एकच आडनाव देण्याची पद्धत त्याच शतकात थांबली. फ्लॉरेन्सचे आणि नेपल्सचे चाक १८७५ साली कायमचे बंद झाले. टाकून दिलेली मुले मात्र येतच राहिली. आता प्रत्येकासाठी निराळे आडनाव शोधायचे काम कारकुनांवर आले. कुणी झाडांची, फुलांची, महिन्यांची नावे लावली, कुणी दूरच्या गावांची, कुणी अक्षरे जुळवून नवेच शब्द तयार केले. यातूनच इटलीत कितीतरी चमत्कारिक आणि दुर्मिळ आडनावे जन्माला आली.

‘एको’ त्यांतलेच एक. इटालियन भाषेत ‘एको’ म्हणजे पडसाद. पण एको यांच्या घराण्याबाबत सांगितले जाते ते असे, की हा शब्द मुळात तीन लॅटिन शब्दांच्या आद्याक्षरांचा आहे. ते शब्द ‘एक्स चेलिस ओब्लातुस’, म्हणजे स्वर्गाने अर्पण केलेला. त्या अधिकाऱ्याच्या मनात खरोखर काय होते, ते त्याच्याबरोबर गेले. मात्र फरक पाहा. एका कारकुनाने ‘फेकलेला’ लिहिले, दुसऱ्याने ‘स्वर्गाने दिलेला’ लिहिले. मूल तेच, आईचे दुःख तेच, रकानाही तोच.

आता ही आडनावे आज किती लोकांची आहेत ते पाहू. आम्ही बी.कॉम. शिकलेले, म्हणून हिशेबाच्या भाषेत सांगतो. एखाद्या संस्थेने वर्षानुवर्षे येईल त्या प्रत्येक मुलाला एकच आडनाव लावले, तर त्या आडनावाची सुरुवातच हजारो मुळांपासून होते. म्हणून आज एस्पोसितो हे सर्व इटलीत पहिल्या पाचांत मोडणारे आडनाव आहे आणि नेपल्समध्ये तर ते पहिलेच. इटलीत रोस्सी आणि फेर्रारी ही आडनावे आपल्याकडच्या जाधव, गायकवाड, कांबळे यांच्यासारखी जिकडे तिकडे भेटतात. रोस्सी म्हणजे तांबड्या केसांचा, फेर्रारी म्हणजे लोहार. त्या रांगेत ‘उघड्यावर टाकलेला’ हाही उभा आहे.

उलट कारकुनाने एका मुलापुरता बनवलेला शब्द एकाच मुळावर उभा राहतो. त्या मुलाला पुढे मुलगे किती झाले, त्यांना किती झाले, यावर सारा भरवसा. सगळ्या मुलीच झाल्या तर आडनाव संपले. कारण इटलीत लग्नानंतर बाई आपले माहेरचे आडनाव कायम ठेवते, पण मुलांना लागायचे ते बापाचेच. म्हणून ‘एको’ आजही फार थोड्या घरांत सापडते. यात एक मोठा बदल २०२२ साली झाला. मुलाला आपोआप बापाचेच आडनाव लावणे घटनाविरोधी आहे, असा निकाल इटलीच्या घटना न्यायालयाने दिला. आता आईबापांनी एकमताने दुसरे काही ठरवले नाही, तर दोघांचीही आडनावे मुलाला लागतात. ज्या दुर्मिळ आडनावांना आजवर मुलगा नाही म्हणून पूर्णविराम मिळत होता, ती आता मुलीच्या मार्गानेही पुढे जातील.

एको घराण्याचे पुढे काय झाले तेही सांगण्यासारखे आहे. आईबाप नसलेले ते आजोबा छापखान्यात अक्षरे जुळवणारे कामगार झाले. निवृत्तीनंतर पुस्तके बांधण्याचे काम करू लागले. त्यांच्या घरात मुले तेरा. त्यांतलेच एक उंबेर्तो यांचे वडील. ते पुढे हिशेबनीस झाले. तरुणपणी पुस्तक विकत घ्यायला पैसे नसत, म्हणून ते रस्त्यावरच्या पुस्तकांच्या दुकानापाशी उभ्या उभ्या वाचत. दुकानदार डोळे वटारू लागला की पुढच्या दुकानी जाऊन तेच पुस्तक पुढे वाचत. आजोबा वारले तेव्हा गिऱ्हाइकांनी परत न नेलेली बरीच पुस्तके राहिली होती. ती एका मोठ्या पेटीत भरून तळघरात ठेवली गेली. कोळसा आणायला तळघरात पाठवलेला नातू ती पेटी उघडून वाचत बसे. ही हकीकत उंबेर्तो एको यांनी स्वतः मुलाखतीत सांगितली आहे. अक्षरे जुळवणारा कामगार, उभ्याने वाचणारा हिशेबनीस आणि जगभर वाचला जाणारा लेखक. तीन पिढ्यांत एवढे अंतर पार झाले. वंशाची माळ मागे कुठेच जात नव्हती, ती पुढे गेली.

१९८८ सालच्या ‘फुकोज पेंड्युलम’ या कादंबरीत एको यांनी एका पात्राचे नाव ‘दिओताल्लेवी’ ठेवले. अर्थ, देव तुला वाढवो. अनाथ मुलांना हेही आडनाव देत असत. आजोबांच्या रजिस्टराचा पडसाद नातवाच्या लेखनात असा उमटला.

कायद्यालाही या रकान्याची दखल घ्यावी लागली. इटलीत पूर्वी दाखल्यांवर, ओळखपत्रांवर बापाचे नाव लिहावे लागे. ज्याला बाप ठाऊक नाही त्याच्या नावापुढे ‘एन. एन.’ अशी अक्षरे पडत. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ, नाव ठाऊक नाही. नोकरीला अर्ज केला, लग्न ठरवले, सैन्यात भरती झाला की ती दोन अक्षरे पुढे येत. १९५५ च्या कायद्याने अशा कागदांवरून आईबापाची नावेच काढून टाकली. जन्मतारीख आणि जन्मस्थळ पुरे, असे ठरले. सन २००० च्या नागरी नोंदणीच्या नियमांत स्पष्ट लिहिले आहे, की आईबाप अज्ञात असलेल्या मुलाला त्याचे मूळ उघड करणारे नाव किंवा आडनाव देता येणार नाही. ज्याला आपले आडनाव लाजिरवाणे वाटते किंवा मूळ उघड करणारे वाटते, त्याला ते बदलून मागण्याचा अधिकारही त्याच नियमांत आहे.

गंमत अशी, की बदलण्याची सोय असूनही एस्पोसितो कमी झालेले नाहीत. शिक्षक, डॉक्टर, खेळाडू, गवंडी, सगळ्या क्षेत्रांत ते आहेत. ज्या शब्दाने हिणवले जाई, तो शब्द एवढ्या माणसांनी आपल्या कष्टाने वागवला, की आता नेपल्समध्ये तो म्हणजे अस्सल नेपल्सकर असण्याची खूण झाला. बदलणाऱ्यांनीही योग्यच केले आणि राखणाऱ्यांनीही. अधिकार आपल्या हाती असला की दोन्ही वाटा स्वाभिमानाच्याच.

आपल्या राज्यातही रकान्यांत बदल होत आहेत. अनाथ मुलांसाठी महाराष्ट्रात २०१८ साली एक टक्का आरक्षण ठेवण्यात आले. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांवर मुलाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव, असा क्रम ठरला आहे. आईचे नाव आता कागदावर आले. ते घरातल्या बोलण्यातही यायला हवे.

शेवटी दोन गोष्टी सांगून रजा घेतो. जे बंधू-भगिनी कचेरीत, शाळेत, दवाखान्यात रजिस्टर भरतात, त्यांनी रिकामा रकाना समोर आला की घाई करू नये. आपल्या दोन शब्दांवर कुणाच्या चार पिढ्या उभ्या राहणार असतात. आणि घरी आपल्या मुलांना सांगावे, वर्गात एखाद्या मुलाने बापाचे नाव सांगताना मान खाली घातली, तर हसू नये आणि खोदून विचारूही नये. आपला डबा उघडावा आणि त्याला शेजारी बसवावे.