सूर्य फुकट, पत महाग

सूर्यप्रकाशाचे बिल कोणी पाठवत नाही. मग सौरवीज एका राज्याला स्वस्त आणि दुसऱ्याला महाग का पडते? उन्हाची प्रखरता, जमिनीचा भाव ही कारणे आहेतच. येल विद्यापीठातील अर्थशास्त्रज्ञ निकोलस रायन यांनी 2021 च्या शोधनिबंधात वेगळ्याच जागी बोट ठेवले आहे. वीज घेणारा पैसे देईल की नाही, ही ती शंका. भारतातले सौरवीज खरेदीचे लिलाव त्यांनी तपासले. काहींत राज्य थेट ग्राहक होते, काहींत केंद्र सरकार मध्ये उभे होते. सरासरी राज्याच्या बुडवेपणाच्या धास्तीने दर सुमारे 10 टक्क्यांनी चढतो आणि केंद्र मध्ये आले की ही धास्ती दरातून उतरते, असे त्यांना आढळले.

बँकेत हयात घालवलेल्या माणसाला याचे नवल वाटू नये. सरकारी खात्यांना माल पुरवणारे छोटे व्यावसायिक माझ्या टेबलापुढे बसत. बिल मंजूर, पैसे मात्र नाहीत. इकडे कॅश क्रेडिटवर व्याज चढतेच आहे. पुढच्या निविदेत तो गृहस्थ हे व्याज निमूटपणे दरात घालून टाकी. पुरवठादार लुबाडतात, अशी तक्रार करायला खाते पुन्हा मोकळे!

सौरविजेत हे दुखणे अधिक खोल आहे. औष्णिक केंद्राला रोज कोळसा घ्यावा लागतो. इथे जवळजवळ सारा खर्च आरंभीच, तोही बहुतांशी कर्ज काढून. वसुली पुढच्या 25 वर्षांच्या करारातून. म्हणजे कर्जावरचे व्याज हाच विजेच्या दराचा कणा. 2019 साली आंध्र प्रदेशात सत्तापालट झाला आणि नव्या सरकारने पवन व सौर ऊर्जेचे जुने करार दर कमी करण्यासाठी उकरून काढले. करारातलाच दर द्या, असे उच्च न्यायालयाने 2022 च्या मार्चमध्ये बजावले. निकाल न्याय्यच होता, पण मधल्या तीन वर्षांत कर्जाचे हप्ते थांबले नव्हते.

मध्यस्थाची हमी भक्कम असते ती अशी : राज्याने पैसे थकवले, तर केंद्र, राज्य व रिझर्व्ह बँक यांच्यातील त्रिपक्षीय करारानुसार राज्याच्या खात्यातून ते वळते करून घेता येतात. जामीनदार असावा तर असा!

तरीही जामिनावर विसंबण्यात धोका आहे, हे महाराष्ट्राला दाभोळने शिकवले. 1993 मध्ये जागतिक बँकेने हा प्रकल्प आर्थिकदृष्ट्या परवडणारा नाही म्हणून कर्ज नाकारले होते. पुढे राज्याची हमी आली, तिच्यावर केंद्राची प्रतिहमी आली. 1999 मध्ये वीज सुरू झाली, 2001 मध्ये बंदही पडली. वीज मंडळाला तो दर पेलणारा नव्हताच. हमीमुळे करारातले दोष झाकले गेले, सुधारले नाहीत. सौरविजेचे दर आज दाभोळसारखे नाहीत, ही आपली पुण्याई. पण घेणाऱ्याची तिजोरी रिकामीच राहिली, तर केंद्राने किती काळ मध्ये उभे राहायचे?

तिजोरी रिकामी का, हे गावोगावच्या वीज कचेरीत ठाऊक असते. सवलतीची घोषणा सभेत होते आणि तिचे अनुदान कंपनीपर्यंत रखडत पोचते. 2015 च्या 'उदय' योजनेत राज्यांनी कंपन्यांच्या कर्जाचा मोठा वाटा आपल्या अंगावर घेतला. 2022 मध्ये उशिराच्या देयकांवर अधिभाराचे नियम आले. अधिभार निदान कागदावर दिसतो. बोलीतच मुरलेली धास्ती मात्र बिलाच्या कुठल्याही रकान्यात नसते आणि ती भरतो तो वेळेवर पैसे देणारा ग्राहक.

म्हणून वीज नियामक आयोगापुढे दरवाढीची सुनावणी होईल तेव्हा ग्राहकांनी एवढे तरी मागावे : आमच्या वीज कंपनीने गेल्या वर्षी वीज उत्पादकांचे पैसे किती दिवस उशिरा दिले आणि राज्य सरकारने कंपनीचे अनुदान किती दिवस अडवून ठेवले, हे दोन आकडे शेजारी शेजारी छापा.